गर्भाशयमुखाची तपासणी: वेळ ठरवण्यापासून रिपोर्टनंतरच्या पाठपुराव्यापर्यंत

गर्भाशयमुखाचा कर्करोग कशामुळे होतो हे विज्ञानाला माहीत आहे, कर्करोग होण्याआधीची अवस्था कित्येक वर्षे आधी ओळखता येते आणि ओळखल्यावर बहुतेक वेळा एका छोट्या उपचाराने ती काढूनही टाकता येते. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून याव्यात असे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांमध्ये या आजाराचे निदान झाले आणि साधारण साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. यातील बहुसंख्य मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये झाले. आजार सगळीकडे एकच आहे. तपासणी, लस आणि वेळेवर उपचार कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत नाही, यावरून हा फरक पडतो.

या लेखात तपासणीची प्रत्येक पायरी क्रमाने समजावून सांगितली आहे. वाचताना एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून ध्यानात ठेवावी: नमुना दिला म्हणजे तपासणी झाली, असे होत नाही. रिपोर्ट हातात येतो, तो समजून घेतला जातो आणि त्यात सुचवलेली पुढची कृती केली जाते, तेव्हाच ती तपासणी पूर्ण होते. अनेक स्त्रिया नमुना देण्याचे धैर्य गोळा करतात आणि नंतरच्या टप्प्यावर कुठेतरी थांबतात. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते.

तपासणीत नेमके काय शोधतात

गर्भाशयाचा सर्वांत खालचा, अरुंद भाग योनीमार्गात उघडतो. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बोलताना आपण ‘पिशवीचे तोंड’ म्हणतो. त्याच्या बाहेरील बाजूवर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, तर आतल्या नळीसारख्या भागाला चिकट स्राव तयार करणाऱ्या उभ्या पेशींचे अस्तर असते. हे दोन प्रकार जिथे एकमेकांना मिळतात त्या पट्ट्यात एका प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या प्रकारच्या पेशी सतत घेत असतात. गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग या पट्ट्यातच सुरू होतात, म्हणून पेशींचा नमुना इथूनच मिळावा लागतो. तरुण वयात हा पट्टा बाहेरच्या बाजूला, सहज दिसेल असा असतो आणि पाळी कायमची थांबल्यानंतर तो हळूहळू आतल्या नळीत सरकतो. वयानुसार चाचणीची निवड बदलते, त्यामागचे एक कारण हेच आहे.

या आजाराला जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा विषाणू कारणीभूत असतो. जर्मन संशोधक हाराल्ड झुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले आणि या कामासाठी झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. त्यातील डझनभर प्रकार अधिक धोक्याचे मानले जातात आणि जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून आणि जननेंद्रियांच्या त्वचेच्या निकट स्पर्शातून पसरतो. तो इतका सर्वत्र आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतोच. दहापैकी सुमारे नऊ जणींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दोन वर्षांच्या आत त्याला आटोक्यात आणते आणि त्या स्त्रीला काही कळतही नाही. उरलेल्यांमध्ये धोक्याचा प्रकार वर्षानुवर्षे टिकून राहिला तर पेशींमध्ये बदल होऊ लागतात. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीमध्ये या बदलांपासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारण १५ ते २० वर्षांचा असतो. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमकुवत असेल आणि उपचार चालू नसतील, तर तोच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. धूम्रपानानेही धोका वाढतो.

हा दीर्घ काळ म्हणजेच तपासणीला मिळालेली संधी आहे. तिचे मोल किती आहे, हे न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातल्या एका वेदनादायक प्रकरणावरून कळते. तिथल्या एका रुग्णालयात गेल्या शतकाच्या साठ आणि सत्तरच्या दशकांत, कर्करोगपूर्व तीव्र बदल असलेल्या काही स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता त्यांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. पुढे त्याची अधिकृत चौकशी झाली. त्या नोंदींचा नंतर जो अभ्यास झाला, त्यात उपचार न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांच्या काळात कर्करोग झाल्याचे दिसले. ज्यांच्यावर योग्य उपचार झाले होते, त्यांच्यात हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्या स्त्रियांवर जे ओढवले ते कधीच घडायला नको होते. त्यांच्या आयुष्यातून जगाला जे कळले त्याचा उपयोग करणे तरी आपल्या हाती आहे.

आधी हे पाहा: लक्षणे असतील तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये

ही तपासणी कोणताही त्रास नसलेल्या स्त्रीसाठी असते. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात रक्तस्राव होणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा डाग दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे, शरीरसंबंधाच्या वेळी किंवा ओटीपोटात सतत दुखणे यांपैकी काहीही असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. यांची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. पण गेल्या वर्षीचा रिपोर्ट नॉर्मल होता, एवढ्यावर विसंबून अशी लक्षणे अंगावर काढू नयेत. तपासणीच्या वेळी अशी तक्रार असल्यास ती स्पष्ट शब्दांत सांगावी, कारण मग डॉक्टर गर्भाशयमुखाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून पुढचे ठरवतात आणि केवळ चाचणीच्या निकालावर थांबत नाहीत.

पहिली पायरी: तुमच्यासाठी योग्य वय आणि अंतर ठरवणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण स्त्रियांनी वयाच्या ३० व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी आणि चाचणी एचपीव्हीची असेल तर ती दर ५ ते १० वर्षांनी करावी. पॅप स्मिअर (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे) किंवा ॲसिटिक ॲसिडचे द्रावण लावून डोळ्यांनी केलेली पाहणी हीच सोय असेल, तर हे अंतर ३ वर्षांचे असावे. या पद्धती पुढच्या पायरीत समजावल्या आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. म्हणून त्यांनी २५ व्या वर्षापासून सुरुवात करून दर ३ ते ५ वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी. काही देशांच्या कार्यक्रमांत सुरुवात २१ किंवा २५ व्या वर्षी होते आणि अंतरेही वेगळी असतात. तुम्ही जिथे राहता तिथला अधिकृत कार्यक्रम काय सांगतो, ते विचारून त्याप्रमाणे चालावे.

विशीच्या सुरुवातीला एचपीव्ही चाचणी सहसा का करत नाहीत, असे अनेकींना वाटते. त्या वयात संसर्ग फार आढळतो आणि तो बहुतेक वेळा आपोआप जातो. तेव्हा चाचणी केल्यास हाती येते ती काळजी आणि कधी कधी अनावश्यक उपचार. याच कारणाने, तज्ज्ञांनी विशेष कारण सांगितलेले नसेल तर दरवर्षी तपासणी करण्यातही फायदा नाही.

तपासणी केव्हा थांबवायची, हेही ठरलेले असते. जागतिक आरोग्य संघटना पन्नाशीनंतर, ठरलेल्या अंतराने केलेल्या सलग दोन चाचण्या निगेटिव्ह असतील तर थांबण्यास सुचवते. अनेक देशांत ही मर्यादा ६५ च्या आसपास आहे. परंतु ज्या स्त्रीची पन्नाशीपर्यंत एकदाही तपासणी झालेली नाही, तिने ‘आता वय झाले, पाळीही गेली, आता कशाला’ असे म्हणू नये. तिच्यासाठीच ती अधिक गरजेची आहे.

दुसरी पायरी: चाचणी निवडणे

आज मुख्यतः तीन पद्धती वापरल्या जातात. सर्वांत जुनी आणि नावाने सर्वांत परिचित आहे ती पॅप स्मिअर. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी योनीमार्गातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखता येतो, असे १९२८ मध्ये मांडले. त्याकडे तेव्हा फारसे लक्ष दिले गेले नाही. १९४३ मध्ये त्यांनी हर्बर्ट ट्राउट यांच्यासह सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यानंतर ही पद्धत रूढ झाली. त्यांच्याच नावावरून तिला पॅप म्हणतात. यात गर्भाशयमुखावरून हलक्या हाताने पेशी गोळा करून त्या काचपट्टीवर पसरतात किंवा द्रव असलेल्या छोट्या बाटलीत धुऊन घेतात आणि तज्ज्ञ त्या तपासतात. पेशींमध्ये बदल झाला आहे का, हे या चाचणीत कळते. तिची मर्यादा अशी की एकाच स्मिअरमध्ये असलेला बदल निसटू शकतो, म्हणून ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करावी लागते.

एचपीव्ही चाचणी पेशींच्या रूपाकडे न पाहता विषाणूच्या धोक्याच्या प्रकारांची जनुकीय खूण शोधते. कर्करोगपूर्व बदल तिच्या नजरेतून फार क्वचित सुटतात. त्यामुळे ती निगेटिव्ह आली तर पुढील काही वर्षांसाठी मिळणारा दिलासा पॅपपेक्षा अधिक भरवशाचा असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचे गट करून त्यांचा आठ वर्षे पाठपुरावा केला गेला. ज्या गटाला एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केली होती, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. एकच चाचणी आणि तिच्यामागोमाग उपचार, यांनी एवढा फरक पडला.

तिसरी पद्धत म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली पाहणी. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्क्यांचे सौम्य द्रावण लावून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो आणि कडा स्पष्ट असलेला, टिकून राहणारा तो पांढरा चट्टा प्रशिक्षित परिचारिकेलाही ओळखता येतो. निकाल तिथल्या तिथे मिळतो, प्रयोगशाळा लागत नाही आणि गरज असल्यास उपचारही त्याच भेटीत होऊ शकतो. ही पद्धत करणाऱ्याच्या सरावावर फार अवलंबून असते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये महत्त्वाचा पट्टा आत सरकलेला असल्याने तिथे ती पुरेशी ठरत नाही.

निवडीची मुभा असेल तर तिशीनंतर एचपीव्ही चाचणी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती उपलब्ध नसेल तर मात्र तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबू नये. जी चाचणी आज मिळते आहे आणि जिच्यानंतर पाठपुराव्याची सोय आहे, ती करून घ्यावी.

एचपीव्ही चाचणीचा आणखी एक फायदा असा की अनेक ठिकाणी तिचा नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो. मऊ टोकाची काडी किंवा छोटा ब्रश योनीमार्गात काही सेंटीमीटर आत घालून, सूचनापत्रात सांगितले आहे तेवढा वेळ हळूहळू फिरवायचा आणि दिलेल्या नळीत ठेवायचा, एवढेच त्यात असते. गर्भाशयमुखापर्यंत पोहोचावे लागत नाही आणि मान्यताप्राप्त पद्धतीने तपासल्यास अशा नमुन्याचा निकाल डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासार्ह असतो. अंतर्गत तपासणीची भीती किंवा संकोच ज्यांना वाटतो, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. निकाल पॉझिटिव्ह आला तर पुढची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी लागेल, ही मनाची तयारी मात्र आधीच ठेवावी.

तिसरी पायरी: वेळ घेणे आणि तयारी

पाळीचा रक्तस्राव नसेल असा दिवस निवडावा. पाळी संपल्यानंतरचा आठवडा सोयीचा पडतो. नमुना देण्याआधी एक-दोन दिवस शरीरसंबंध टाळावेत आणि योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या, मलम किंवा जेल वापरू नये. योनीमार्ग आतून पाण्याने किंवा कोणत्याही द्रावणाने धुऊ नये. तसे करणे एरवीही हितकारक नाही. जंतुसंसर्गामुळे खाज किंवा जास्त स्राव असेल तर ते आधी दाखवून उपचार घ्यावा. पोट रिकामे ठेवण्याची गरज नसते आणि त्या दिवशीची नेहमीची कामेही करता येतात.

सोबत नेण्याच्या माहितीत शेवटच्या पाळीची तारीख, आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट, गर्भाशयमुखावर पूर्वी काही उपचार झाले असल्यास त्याचे कागद, चालू औषधे आणि एचपीव्हीची लस घेतली आहे की नाही, एवढे असावे. नोंदणी करतानाच निकाल कधी, कोणत्या मार्गाने आणि कोणाकडून कळेल ते विचारून लिहून ठेवावे. संपर्काचा नंबर स्वतःचा द्यावा. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुढे रिपोर्ट हरवतो किंवा भलत्याच्या हाती पडतो तो इथेच चूक झाल्यामुळे.

चौथी पायरी: तपासणीच्या खोलीत

प्रत्यक्ष नमुना घ्यायला दोन-चार मिनिटे लागतात. कमरेखालचे कपडे काढून, चादर पांघरून पाठीवर झोपायचे असते आणि गुडघे दुमडून बाजूला करायचे असतात. डॉक्टर किंवा परिचारिका स्पेक्युलम नावाचे उपकरण योनीमार्गात घालून हलकेच उघडतात, त्यामुळे गर्भाशयमुख समोर दिसते. मग छोटा ब्रश त्याच्या मुखाशी टेकवून एकाच दिशेने काही वेळा फिरवतात. मधला लांब दाता आतल्या नळीत आणि बाजूचे आखूड दाते बाहेरच्या भागावर, अशी त्या ब्रशची रचना असते, ज्यामुळे दोन्ही प्रकारच्या पेशी मिळतात. या वेळी दाब किंवा पाळीसारखी हलकी कळ जाणवते. तीव्र दुखले तर तसे लगेच सांगावे.

स्नायू घट्ट आवळले की त्रास वाढतो, म्हणून श्वास सावकाश सोडत राहावे आणि कंबर खाली टेकलेली ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या खोलीत तुम्हाला काही गोष्टी मागण्याचा हक्क आहे. तपासणी स्त्रीनेच करावी अशी विनंती करता येते, सोबत कोणी असावे असे सांगता येते, लहान आकाराचे स्पेक्युलम मागता येते, प्रत्येक कृती करण्याआधी ती सांगावी असे म्हणता येते आणि कोणत्याही क्षणी ‘थांबा’ म्हणता येते. पूर्वी लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा आधीची तपासणी फार क्लेशकारक ठरली असेल, तर तपशील न सांगताही ‘मला ही तपासणी कठीण जाते’ एवढे सुरुवातीला सांगावे. चांगला डॉक्टर त्यानंतर आपला वेग नक्कीच बदलतो. पाळी गेल्यानंतर कोरडेपणामुळे दुखत असेल तर काही आठवडे आधी इस्ट्रोजेनचे मलम वापरण्याबद्दल विचारता येते.

नंतर एक-दोन दिवस थोडे डाग दिसू शकतात. रक्तस्राव जास्त असेल किंवा थांबत नसेल तर फोन करून विचारावे.

पाचवी पायरी: रिपोर्ट मिळवणे आणि वाचणे

‘काही असते तर त्यांनी कळवले असते’ हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. सांगितलेली तारीख उलटली तर स्वतः चौकशी करावी आणि लेखी रिपोर्ट मागून घ्यावा.

एचपीव्ही निगेटिव्ह असा निकाल आला तर धोक्याचे प्रकार आढळले नाहीत आणि ठरलेल्या अंतराने पुढची तपासणी करायची आहे. धोका शून्य झाला असा त्याचा अर्थ होत नाही. मध्येच लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जायचे, हा नियम कायम राहतो. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आढळला, एवढेच. तो कर्करोग नव्हे, आणि बहुतेक पॉझिटिव्ह स्त्रियांना तो कधी होतही नाही. १६ किंवा १८ हे प्रकार आढळल्यास सहसा थेट कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे गर्भाशयमुख मोठे करून पाहण्यासाठी, पाठवतात. इतर प्रकार असतील तर पेशींची तपासणी किंवा ॲसिटिक ॲसिडची पाहणी करून पुढचे ठरवतात, आणि त्यात काही न आढळल्यास साधारण वर्षभराने चाचणी पुन्हा करतात.

या निकालाने घरात संशय निर्माण होतो, म्हणून एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायला हवी. एचपीव्ही शरीरात कित्येक वर्षे सुप्त राहू शकतो. आज पॉझिटिव्ह आलेली चाचणी संसर्ग केव्हा झाला आणि कोणाकडून झाला, हे सांगू शकत नाही. तिच्यावरून पती किंवा पत्नीच्या वर्तनाबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. विषाणू घालवणारे औषध नाही. गरज पडते ती त्याने घडवलेल्या बदलांवर उपचार करण्याची. कंडोममुळे संसर्गाची शक्यता कमी होते, पण पूर्णपणे टळत नाही.

पॅप स्मिअरच्या रिपोर्टवर आद्याक्षरे असतात. एनआयएलएम म्हणजे घातक बदल नाहीत. एएससी-यूएस म्हणजे किंचित, अर्थ निश्चित न झालेला बदल. त्यासाठी एचपीव्ही चाचणी करतात किंवा काही काळाने स्मिअर पुन्हा घेतात. एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, जे बहुधा ताज्या संसर्गाने झालेले असतात आणि अनेकदा आपोआप जातात. एचएसआयएल आणि एएससी-एच या निकालांत तीव्र बदलांची शक्यता असते, तर एजीसी म्हणजे आतल्या नळीतील किंवा गर्भाशयातील ग्रंथींच्या पेशींतला बदल. या तिन्हींमध्ये उशीर न करता तज्ज्ञांकडे जावे. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असे लिहिले असेल तर नमुना तपासण्याजोगा नव्हता. त्याचा अर्थ निकाल चांगला आहे असाही नाही आणि वाईट आहे असाही नाही. नमुना पुन्हा द्यायचा आहे, आणि तो द्यावाच.

सहावी पायरी: कॉल्पोस्कोपी

कॉल्पोस्कोपी म्हणजे गर्भाशयमुख मोठे करून पाहणे. उपकरण शरीराबाहेरच असते. आत जाते ते पुन्हा स्पेक्युलम. डॉक्टर आधी ॲसिटिक ॲसिड लावतात आणि कोणता भाग पांढरा पडतो, त्याखाली रक्तवाहिन्यांची जाळी कशी दिसते, हे पाहतात. कधी आयोडीनही लावतात. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन या साखरेच्या रूपाचा साठा असल्याने त्या गडद तपकिरी होतात आणि बदललेला भाग पिवळट राहतो, त्यामुळे बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची हे ठरते. बायोप्सी म्हणजे काही मिलिमीटरचा तुकडा. तो घेताना चिमटा बसल्यासारखे वाटते. नंतर काही दिवस तपकिरी स्राव जाऊ शकतो.

बायोप्सीचा निकाल सीआयएन १, २ किंवा ३ असा येतो. सीआयएन म्हणजे कर्करोगपूर्व बदल, आणि आकडा जितका मोठा तितका बदल तीव्र. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवतात. सीआयएन २ पैकी सुमारे निम्मे बदल दोन वर्षांत मागे हटतात. पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत डॉक्टर कधी थांबण्याचा पर्याय देतात, पण त्या थांबण्यात ठरल्या वेळी कॉल्पोस्कोपी करणे अंतर्भूत असते. सीआयएन ३ वर उपचार करायलाच हवा. ऑकलंडच्या नोंदी याच अवस्थेविषयी सांगतात.

सातवी पायरी: उपचार

बदल बाहेरून पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत गेलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर तो भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात. उष्णतेच्या उपचारात सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाचे टोक अर्ध्या मिनिटापर्यंत टेकवतात आणि भुलेचीही अनेकदा गरज पडत नाही. बदल आतपर्यंत असेल किंवा मोठा असेल, तर जागेवर भूल देऊन विजेच्या बारीक तारेच्या फासाने तो भाग काढतात. याला एलईईपी किंवा लूप पद्धत म्हणतात. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासता येतो, हा तिचा विशेष. काही वेळा शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

या कोणत्याही उपचारात गर्भाशय काढत नाहीत आणि नंतर गर्भधारणा होऊ शकते. जास्त खोलवर भाग काढला गेला असल्यास पुढील गरोदरपणात वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून मूल हवे असेल तर ते उपचाराआधी सांगावे आणि गरोदर राहिल्यावर या उपचाराची माहिती डॉक्टरांना द्यावी. उपचारानंतर काही आठवडे पाणीदार किंवा तपकिरी स्राव जातो. साधारण चार आठवडे शरीरसंबंध आणि टॅम्पॉन टाळावेत. ताप, दुर्गंधी, तीव्र पोटदुखी किंवा भरपूर रक्तस्राव झाल्यास लगेच दाखवावे.

काही वेगळ्या परिस्थिती

गरोदरपणात नेहमीची तपासणी सहसा प्रसूतीनंतर तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलतात, पण आधीच्या रिपोर्टमध्ये पेशींतले बदल आढळले असतील तर गरोदरपणातही कॉल्पोस्कोपी करता येते. पिशवी काढलेल्या स्त्रीने गर्भाशयमुखही काढले आहे का, आणि शस्त्रक्रिया कशासाठी झाली होती, हे कागदांवरून पाहून घ्यावे. मुख ठेवले असेल तर तपासणी चालूच राहते. तीव्र कर्करोगपूर्व बदलांमुळे शस्त्रक्रिया झाली असेल, तर मुख काढल्यानंतरही पाठपुरावा लागतो. ज्यांचे संबंध केवळ स्त्रियांशी आहेत त्यांनाही हा विषाणू होऊ शकतो आणि गर्भाशयमुख असलेल्या ट्रान्स पुरुषांनाही तपासणी लागते. कधीच कोणताही शरीरसंबंध आला नसेल तर धोका अत्यल्प असतो. डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

लस घेतली असली तरी तपासणी सोडू नये. २००६ पासून उपलब्ध असलेल्या एचपीव्ही लशी सर्वांत धोक्याच्या प्रकारांना रोखतात, पण सगळ्याच प्रकारांना नाही, आणि आधीच झालेला संसर्ग त्या दूर करत नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या उद्दिष्टांत १५ वर्षांपर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत प्रत्येकी एकदा चांगल्या दर्जाची तपासणी आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांना उपचार, या तिन्हींचा एकत्र विचार केला आहे.

आठवी पायरी: नोंद आणि पाठपुरावा

उपचारानंतर साधारण सहा महिने ते वर्षभरात चाचणी पुन्हा करतात आणि ती निगेटिव्ह आल्यावरही काही काळ नेहमीपेक्षा कमी अंतराने बोलावतात. सीआयएन २ किंवा ३ वर उपचार झालेल्या स्त्रियांचा धोका इतरांपेक्षा दीर्घकाळ अधिक राहतो. काही देशांतील तज्ज्ञ संस्था त्यांचा पाठपुरावा किमान २५ वर्षे चालू ठेवण्यास सांगतात, मग त्यात वयाची ६५ वर्षे उलटली तरी चालेल. एवढ्या काळात डॉक्टर बदलतात, गाव बदलते, रुग्णालयातले जुने कागद सापडत नाहीत. म्हणून एक फाईल स्वतःजवळ असावी. तिच्यात प्रत्येक चाचणीची तारीख, चाचणीचा प्रकार, रिपोर्टमधील मूळ शब्द जसेच्या तसे, बायोप्सीचा निकाल, झालेल्या उपचाराचे नाव आणि पुढच्या तपासणीचा महिना व वर्ष लिहावे. रिपोर्टचे फोटो काढून ते घरातील एका विश्वासू व्यक्तीकडेही ठेवावेत आणि नवीन डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना ही फाईल, ते विचारण्याआधीच, समोर ठेवावी.